आमराईवरून नेलेली बोट

धुरपताबाई बोट चालवताना पाण्याकडे बघत नाही. नवा माणूस बोटीत बसला की एवढ्यानंच दोन्ही हातांनी बोटीचा काठ धरतो. एक हात मोटरच्या दांड्यावर, डोळे दूर काठावरच्या टेकडीवर, आणि तोंडानं ती सांगत असते, "आता शाळेवरून चाललो. हे ग्रामपंचायत. इथं डाव्या हाताले देवाजीचं घर." खाली बघावं तर हिरवट पाणी, बाकी काही नाही. सावरगोटा गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली जाऊन पंधरा वर्षं होत आली. धुरपताबाईच्या डोक्यातलं गाव मात्र अजून कोरडं आहे.

ती मूळची दिघोरीची. एकोणिसाव्या वर्षी धनीरामशी लग्न होऊन सावरगोट्यात आली आणि पुढची वीस वर्षं दर पावसाळ्यात गुडघाभर चिखलात वाकून तिनं धान रोवला. मग धरणाचं पाणी चढलं. नव्या गावठाणात घराला जागा मिळाली, घरामागं सगळा मुरूम. ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या नांगर बाहेर पडायचे, त्या घरांतून जाळी बाहेर पडू लागली. माणसं डोंगा वल्हवायला शिकली, कोणत्या महिन्यात मासा कुठं बसतो ते शिकली. पोहायला मात्र फार थोडे शिकले. चाळिशीच्या शेतकऱ्यानं पोरांसारखे हातपाय झाडायचे, याची लाज वाटायची. धुरपताबाई शिकली. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर पोट टाकून, पदर कमरेला खोचून, सगळ्या गावाच्या देखत.

गावच्या मच्छीमार सोसायटीनं पुढं एक जुनी मोटर घेतली. आठ हॉर्सपॉवरची, बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायची. नव्या मोटरींना बटन असतं, दाबलं की मोटर आपोआप वर उचलली जाते. हिला तसलं काही नव्हतं. फळीजवळच्या पकडीला एक लोखंडी खटका होता, बस. नागपूरहून आलेल्या मेकॅनिकनं काठावर पुरुषांना गोळा करून तासभर समजावलं. पुरुष माना हलवत होते. धुरपताबाई चहा घेऊन आली आणि ट्रे हातात धरूनच तिनं विचारलं, "हा खटका कायले आहे?"

"वयनी, तुमी चहा द्या," देवाजी म्हणाला. देवाजी धनीरामचा चुलतभाऊ. जीभ तिखट, हात त्याहून तिखट. "मोटर म्हंजे काही चूल नोहे."

"चुलीले खटका नसते, म्हनून तं विचारून राहिलो."

लोक हसले. मेकॅनिकला मात्र प्रश्न विचारणारं कोणीतरी भेटलं याचाच आनंद झाला. त्यानं खटका खाली पाडून दाखवला. आतल्या दोन आकड्यांनी मोटरचा पाण्यात बुडणारा पाय पकडून ठेवला. "हे लॉक. फक्त रिव्हर्ससाठी. लॉक न करता रिव्हर्स टाकला तर पंखा मोटरलाच वर ढकलतो, आणि फिरता पंखा पाण्याबाहेर येतो, मोटरचं डोकं तुमच्या मांडीवर आपटतं." मग त्यानं खटका उचलला, खालून मोटरला हात दिला. मोटर मागच्या बाजूनं वर झुलली आणि सोडल्यावर आपल्याच वजनानं खाली आली. "पुढं जाताना असाच मोकळा ठेवायचा. खाली दगड-खुंट लागला तर मोटर उसळते, धक्का खाते आणि परत पाण्यात पडते."

"आन पुढं जाताना पाडलेलाच राहिला तं?"

"मग धक्का मोटर खात नाही, बाई. बोट खाते. आणि बोटीत बसलेला."

पुरुषांना हे पटलं नाही. उसळणारं जनावर मोकळं सोडायचं, हे त्यांच्या बापजाद्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पुढं देवाजी सोसायटी सोडून पलीकडच्या काठाला, मासेमारीच्या ठेकेदाराकडं गेला. तिथं त्याला पंधरा हॉर्सपॉवरची मोटर मिळाली. तीही जुनीच, आणि तिच्या खटक्याचे आकडे झिजलेले. जाळं ओढताना रिव्हर्स टाकला की मोटर उधळून वर यायची. देवाजीनं त्यावर शेतकऱ्याचा इलाज केला. नायलॉनचा दोर घेऊन मोटरचा पाय मागच्या फळीला सात वेढे देऊन करकचून बांधला. गाठही जुवाला मारतात तीच मारली. "बैल उधळते म्हनून कोनी जू ढिलं सोडते का?" असं तो सगळ्यांना सांगायचा, आणि सगळ्यांना ते बरोबर वाटायचं.

देवाजीची बोट कैलाश चालवायचा. करडी गावचा माणूस, चाळिशीचा, रोजानं आलेला. कोणाशी वाकडं बोलणं त्याला जमत नसे. पाण्यात भेट झाली की वेग कमी करून धुरपताबाईला हाक मारायचा, "मावशी, जेवलीस का वो?"

"जेवलो. कैलाश, तो दोर सोड. खाली खुंट आहेत."

"दोर सोडला तं मोटर मांडीवर येऊन बसते, मावशी."

"मंग खटका बदलून मांग त्या ठेकेदाराले."

"मांगून मांगून जीभ झिजली. खटक्यापेक्षा जास्त झिजली." आणि तो हसून निघून जायचा.

खुंट होते हे सगळ्यांनाच माहीत होतं. गाव उठलं तेव्हा धनीराम-देवाजीच्या आजोबांनी लावलेली एकतीस आंब्यांची आमराई कापली गेली. कापणाऱ्यांना घाई होती. खाली वाकून बुंध्याशी करवत लावायला कोण बसतो? त्यांनी उभ्यानंच छातीच्या उंचीवर झाडं कापली. धरण भरलेलं असलं की खुंटांवरून हत्ती जाईल एवढं पाणी असतं. फाल्गुनात पाणी उतरलं की काही खुंटांवर वीतभर राहतं, काहींवर हातभर. वरून एकही दिसत नाही.

गेल्या फाल्गुनात, सकाळी सातच्या सुमाराला, धनीरामला सोसायटीच्या पाण्यात एक जाळं सापडलं. मच्छरदाणीसारखं बारीक. त्यात मासे नव्हते, पिल्लं होती. बोटभर लांबीची, हजारांनी, अजून तडफडणारी. धनीरामनं धान कापायचा विळा काढला आणि जाळं फाडायला सुरुवात केली. धुरपताबाई दांड्यावर होती. तिला देवाजीची मोटर आधी ऐकू आली, मग दिसली.

"अजी, बस करा. चला."

"एवढं फाडतो, मंग चाल."

देवाजीची बोट येऊन सरळ त्यांच्या बोटीवर घासली. तो पुढच्या टोकाला उभा होता, हातात लांब बांबू. कैलाश मागं बसलेला, मान खाली.

"धनीराम! जाळ्याले हात लावशील तं हात ठेवनार नाही."

"पानी तुह्या बापाचं आहे का बे? पिल्लं मारून राहिला तू! पुढच्या साली काय खडे खाशीन?"

"तू मुरमात धान रोव, जा. मासोळी तुह्या हातची गोष्ट नोहे."

"आन तू ठेकेदाराची भांडी घास!"

देवाजीनं वाकून जाळं धरलं आणि हिसका मारला. जाळ्याचं दुसरं टोक धनीरामच्या मनगटाला गुंडाळलेलं होतं. तो गुडघ्यावर आपटला, आणि उठता उठता त्यानं विळा फिरवला. जाळ्यावर फिरवला की माणसावर, हे त्यालाही नंतर सांगता आलं नाही. देवाजीचा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडला. क्षणभर रक्त आलंच नाही. मग एकदम आलं, आणि पांढऱ्या पिल्लांवर पडू लागलं.

देवाजीनं हाताकडं बघितलं. मग दोन्ही हातांनी बांबू उचलला आणि धनीरामच्या डोक्यावर घातला. आवाज काही मोठा झाला नाही. धुरपताबाईला वाटलं, बोटीच्या काठालाच लागला. धनीराम आडवा पडल्यावर तिला कळलं. दुसरा घाव खांद्यावर बसला. तिसरा बसायच्या आत तिनं गिअर टाकला आणि दांडा पिळला. बोट झेपावली, देवाजीच्या पायात अडकलेलं जाळं ताणून सुटलं, तो मागच्या मागं कैलाशच्या अंगावर कोसळला.

"सोडू नको तिले!" देवाजी ओरडत होता. "दोघालेबी बुडवतो आज!"

धुरपताबाईनं एका पायानं धनीरामचं डोकं आपल्याकडं ओढलं. कवटी वरच्या बाजूला खोलगट झाली होती. डोळे उघडे होते, पण ते बघत नव्हते. नाकातून रक्ताचा फुगा येत होता आणि फुटत होता. म्हणजे श्वास होता. तिला आता एकच गोष्ट करायची होती: काठावर पोचायचं, आणि तिथून पवनीचा दवाखाना. श्वास आहे तोवर.

काठाला दोन वाटा. नदीच्या जुन्या पात्रानं खोल पाणी, पण मोठा वळसा; अर्धा तास. दुसरी सरळ, दहा मिनिटांची, आमराईवरून.

पंधराची मोटर आठच्या मोटरीला गाठणारच होती. मागून पहिला दगड आला. जाळ्याला बांधायचा, मुठीएवढा. पाण्यात पडला. दुसरा तिच्या पाठीत बसला आणि तिचा श्वास अडकला. तिसरा बोटीच्या तळाशी, धनीरामच्या कानाजवळ आपटला. तिनं मागं बघितलं. पन्नास हात अंतर. आणि मागच्या बोटीच्या फळीवर निळा नायलॉनचा दोर, सातही वेढे जागच्या जागी.

तिनं खटक्याला हात लावून बघितला. मोकळा होता. तिनं दांडा आमराईकडं वळवला.

तिला कोणी विचारलं, तेव्हा काय मनात होतं, तर ती सांगते: दोन्ही गोष्टी होत्या. यांना लवकर न्यायचं होतं, हे खरं. आणि मागचा दोर दिसला होता, हेही खरं.

पहिला खुंट लागला तेव्हा मोटर घोड्यासारखी उसळली. पंखा हवेत येऊन किंचाळला. तिनं दांडा ढिला सोडला, मोटर धपकन पाण्यात पडली, तिनं परत पिळला. बोट क्षणभरसुद्धा थांबली नाही. दुसरा खुंट. तिसरा. प्रत्येक वेळी हात आधी मोकळा, मग घट्ट. छाती मोटरपासून लांब. चौथ्याला पंख्याचा एक तुकडा उडून तिच्या गालावरून गेला. ती थांबली नाही.

मागं कैलाशनं वेग कमी केला. त्याला शंका आली असावी. तिला त्याची आरोळी ऐकू आली, "देवाजीभाऊ, इथं खुंट आहेत म्हनते."

"ती चालली ना तिथून? तिच्याच मागं दाब! तिले वाट माहीत आहे!"

"भाऊ—"

"दाब म्हनतो ना बे!" बांबू कैलाशच्या डोक्यावर उगारलेला तिनं बघितला.

तेव्हा तिला हात वर करता आला असता. "थांब" म्हणून एक हात. कैलाश तिच्याकडंच बघत होता. त्यानं ऐकलं असतं. तिचा एक हात दांड्यावर होता, दुसरा मोकळा होता. तिनं तो मोकळा हात मांडीवर ठेवला आणि तोंड पुढं फिरवलं.

मागची मोटर पूर्ण ताकदीनं ओरडली. मग एक तडाखा. लाकूड फाटतं तसा, पण लांबच लांब. तिनं वळून बघितलं तेव्हा मोटर पाण्यात नव्हती. पाय खुंटात अडकला, दोरानं उसळू दिलं नाही, तेव्हा मागची फळीच मुळापासून उपटली, आणि सगळी मोटर, फळी आणि दोरासकट, पुढच्या बाजूला बोटीत उलटली. पंखा अजून फिरत होता. दांड्यावर बसलेला माणूस त्या पंख्याच्या बरोबर समोर होता. देवाजी पुढच्या टोकावरून फेकला जाऊन पाण्यात गेला.

मग मोटर बंद पडली आणि सगळीकडं इतकं शांत झालं की तिला धनीरामच्या नाकातला फुगा फुटलेला ऐकू आला.

काठ समोर दिसत होता. चार मिनिटं.

तिनं बोट वळवली. काहून वळवली, हे तिला विचारण्यात अर्थ नाही, ती म्हणते, "मानूस होता तिथं." ती हळूहळू खुंटांमधून परत आली. जवळ पोचल्यावर तिनं खटका खाली पाडला, रिव्हर्स टाकला, बोट जागेवर आणली, मोटर बंद केली. देवाजी एका खुंटाला पायांनी विळखा घालून होता, गळ्याइतक्या पाण्यात, दोन्ही हात वर करून. पोहता येत नव्हतं. "वयनी, वयनी," एवढंच म्हणत होता. तिनं त्याला केसांना धरून आत ओढलं.

कैलाश बुडत्या बोटीत पाठीवर पडला होता. उजवी मांडी जिथं असायला हवी तिथं लाल चिखल होता. रोवणीच्या बांधीत, धानाच्या खाचरात, पाय खुपसल्यासारखा. छातीवर मोटर. देवाजीनं आणि तिनं मिळून ती बाजूला लोटली, त्याला ओढून घेतलं. उपटलेल्या फळीवर दोराची गाठ तशीच होती. फळी गेली, मोटर गेली, माणसाचा पाय गेला. गाठ सुटली नव्हती.

तिनं साडीचा पदर फाडून मांडीला आवळला. मग देवाजीच्या कानफटात मारली, कारण तो नुसता बघत बसला होता.

"एक हात कैलाशच्या मांडीवर. एक हात यांच्या डोक्यावर. दाबून धर. सोडला तं तुले इथंच टाकतो."

"वयनी, माह्या हातातून रगत जाऊन राहिलं—"

"जाऊ दे."

तिनं खटका उचलला आणि दोरी ओढून मोटर चालू केली. देवाजी दोघांच्या मधे गुडघे टेकून बसला, एक हात भावाच्या फुटलेल्या डोक्यावर, दुसरा कैलाशच्या मांडीवर, आणि त्याचं स्वतःचं रक्त दोघांच्याही रक्तात मिसळत होतं. तो रडत होता का, हे तिनं बघितलं नाही.

कैलाश एकदा शुद्धीवर आला. "मावशी," तो म्हणाला, "अजून खुंट आहेत का पुढं?"

"नाही. आता साफ आहे."

"बरं." काठावर माणसं धावत आली, त्यांनी त्याला उचललं, तेव्हा त्याची मान ज्या बाजूला कलली त्याच बाजूला राहिली.

धनीराम वाचला. पवनीहून भंडारा, भंडाऱ्याहून नागपूर; डोक्याचं ऑपरेशन झालं, चोविसाव्या दिवशी घरी आला. उजवा हात उचलत नाही. पाणी हवं असलं की 'बैल' म्हणतो आणि चिडतो.

जबाब घ्यायला हवालदार दवाखान्यातच आला होता. सोसायटीच्या लोकांनी तिला आधी बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, काही बोलू नका. ते मागं लागले, बोट खुंटावर आदळली. बस." हवालदारही तेवढंच लिहून मोकळा होणार होता.

"अपघात लिहितो, बाई. सही करा."

"लिहा साहेब. पन हेबी लिहा. त्याची मोटर बांधलेली होती, मले माहीत होतं. आमराईत खुंट आहेत, मले माहीत होतं. मी जानून त्या वाटेनं नेली. हात दाखवून थांबवता आलं असतं. नाही थांबवलं."

हवालदारानं पेन खाली ठेवलं. "याचा अर्थ काय होतो, कळते का तुम्हाला?"

"खटक्याचा अर्थ कळला, तं याचा कळनार नाही का?"

त्यानं ते लिहिलं. आता देवाजीवर एक केस आहे आणि तिच्यावर एक.

कैलाशची बायको मंगलाबाई तेरवीनंतर पंधरा दिवसांनी, जबाबाची गोष्ट कानावर आल्यावर, करडीहून बस बदलत बदलत एकटी आली. धुरपताबाई अंगणात धनीरामला भरवत होती. मंगलाबाई दाराशीच उभी राहिली.

"तुमीच का त्या? मावशी म्हने तो तुमाले?"

"हाव."

"तुमी हात दाखवला असता तं तो थांबला असता?"

"थांबला असता."

मंगलाबाईनं तिच्या तोंडात मारली. धनीराम खाटेवरून उठायला धडपडला, डावा हात हवेत झाडू लागला. "तुमी बसा," धुरपताबाई म्हणाली, आणि मंगलाबाईनं दुसरी मारली. तिसरीला ओठ फुटला. धुरपताबाईनं हात वर केला नाही, तोंडही फिरवलं नाही. चौथ्यांदा उगारलेला हात मंगलाबाईनं स्वतःच्याच कपाळावर मारून घेतला, पुन्हा पुन्हा, जोरानं, तेव्हा मात्र धुरपताबाईनं तिचं मनगट पकडलं आणि तिनं ताकद लावली तरी सोडलं नाही.

मनगट सुटल्यावर मंगलाबाईनं विचारलं, "कोर्टात हेच सांगाल?"

"हेच सांगतो."

"मी येईन ऐकाले. दर तारखेले."

ती येते. पवनीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात एकच बाक आहे. दोघी त्याच्यावरच बसतात. बोलत नाहीत. गेल्या तारखेला वकिलानं धुरपताबाईला झाडाखाली नेऊन पुन्हा बराच वेळ समजावलं. ती परत येऊन बसली, तेव्हा मंगलाबाईनं पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं.

"काय म्हने?"

"कोर्टात म्हन म्हने, मागचं काही दिसत नोतं."

"मंग?"

"दिसत होतं," धुरपताबाई म्हणाली.